कॉम्प्युटर आमचा, खातं तुमच्या पोराचं

प्रति,
वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड आणि आजूबाजूच्या बाजारगावांतले सर्व कॉम्प्युटर विक्रेते व दुरुस्तीवाले बंधू यांसी

विषय : नवा कॉम्प्युटर गिऱ्हाईकाच्याच खात्यावर चालू करून देणे आणि त्याची रिकव्हरी की (मशीन कुलपात अडकली तर उघडायची आकडी चावी) कागदावर त्याच्या हातात देणे, याबाबत.

स.न.वि.वि.

मी वडशाकडच्या एका खेड्यात डीटीपीचं काम करतो. लग्नाच्या पत्रिका, तेरवीचे कार्ड, ग्रामपंचायतीचे फलक, शाळेची प्रमाणपत्रं, आणि भाऊबीजेपासून पुढं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं अन् हँडबिलं. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. काहींच्या दुकानावरचा फ्लेक्स मीच बनवलेला आहे. तेव्हा हे पत्र वैरानं लिहिलंय असं समजू नका. माझं काम ज्या दुकानात अडलं त्याचं नाव मी घेणार नाही. चार ठिकाणी विचारल्यावर कळलं की पद्धत सगळीकडे तीच आहे. मग एकालाच बोल कशाला लावायचा?

घडलं ते असं. माझा जुना कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे तुम्हीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता आणि ते खरंही होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची (मशीनच्या चाव्या सांभाळणारी) चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. म्हणजे माझ्या मशीनवर ते रीतसर चढणारच नव्हतं. त्यात लाईटचा भरवसा नाही. म्हणून दसऱ्याला लॅपटॉप घेतला आणि जुना सीपीयू एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. बिलावर ‘डेटा ट्रान्सफर’ म्हणून वेगळे पैसे लागले, तेही कुरकुर न करता दिले, कारण काम चोख होतं. वर्षावार फोल्डर, कोरलच्या फाईली, कलावंतांचे कापून ठेवलेले फोटो, सगळं जसंच्या तसं आलं. काही फॉन्ट तेवढे यायचे राहिले, पण ती आमच्या धंद्यातली नेहमीची रड आहे, तिचं इथं काम नाही. काउंटरवरच्या पोरानं चार आकडी पिन बिलाच्या मागं लिहून दिला. “काकाजी, इतका ध्यानात ठेवा, झालं.”

पुढं लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट मध्येच बंद पडायला लागला. प्रिंट चालू असताना प्रिंटर गायब व्हायचा. दुकानात नेला तर त्यांनी बायोस (विंडोजच्याही आधी मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट मारला, मशीन बंद होऊन चालू झाली, आणि निळा पडदा आला. पिन विचारायचं नावच नाही. ‘या ड्राइव्हची रिकव्हरी की टाका’ असं इंग्रजीत, खाली एक लांबलचक की आयडी, आणि एका ई-मेलची सुरुवातीची अक्षरं, पुढं चांदण्या. ती अक्षरं माझ्या नावाची नव्हती. मालकांनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आपल्या धंद्यातलं एकमेव रामबाण औषध सांगितलं : “फॉरमॅट मारावा लागेल.”

मारा म्हटलं असतं तर काय गेलं असतं, ते आधी ऐका. जुना सीपीयू तोवर पुसून दुसऱ्याला विकून झाला होता. म्हणजे माझ्या सगळ्या कामाची या जगात एकच प्रत उरली होती, आणि ती त्या निळ्या पडद्यामागं होती.

आता हे कुलूप कसं लागलं, ते तुमच्यातल्या जाणत्यांना माहीत आहे. पण काउंटरवर बसणाऱ्या सगळ्याच पोरांना ते माहीत नसतं असं मला दिसलं, म्हणून लिहितो. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. आतून ते बिटलॉकरच, विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर ते आधीपेक्षा जास्त मशीनवर चालू होतं. डिस्कवरचा मजकूर कोड करून ठेवला जातो आणि तो उघडायची चावी टीपीएम चिपच्या हवाली असते. चिप रोज सकाळी पाहते की मशीन कालचीच आहे ना. ठीक दिसलं तर चावी सोडते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पण बायोस बदललं, सिक्युअर बूटची सेटिंग हलली, मदरबोर्ड नवीन बसवला, की चिपला संशय येतो आणि ती चावी द्यायला नकार देते. मग उरते ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की. ज्या खात्यानं मशीन चालू केली त्याच खात्यात ती जाऊन बसलेली असते. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही ती पुन्हा काढून देता येत नाही. डिस्क उपटून दुसऱ्या मशीनला लावली तरी उपयोग शून्य. मी तेही करून पाहायला लावलं.

आणि पिन? तो त्या एका मशीनपुरता, विंडोज उघडल्यावर दारात विचारायचा. निळा पडदा त्याच्याही आधीचा. म्हणजे बिलाच्या मागं जे लिहून दिलं होतं ते या कामाचं नव्हतंच.

कुलपाबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट ध्यानात घ्या. माझ्या मशीनमध्ये लोकांच्या आधार कार्डांच्या, जातीच्या दाखल्यांच्या स्कॅन पडलेल्या असतात. लॅपटॉप एसटीत राहिला तर त्या कोणाच्या हाती पडू नयेत, असं मलाही वाटतं. पण इथं झालं असं की गवंड्यानं घर बांधून दिलं आणि किल्ली आपल्या कडदोऱ्याला बांधून परगावी निघून गेला.

परगावी म्हणजे खरोखरच परगावी. पिन लिहून देणारा तो पोरगा तोवर दुकान सोडून बुटीबोरीच्या एमआयडीसीत लागला होता. मशीन चालू करताना त्यानं स्वतःचंच ई-मेल टाकलं होतं. माझ्याच नव्हे, त्याच्या हातून गेलेल्या बहुतेक सगळ्या मशीनवर. त्याचा नंबर मिळवायला बरीच फिराफिर झाली. नशीब एवढंच की त्यानं सिम बदललं नव्हतं. बदललं असतं तर? आपल्याकडची पोरं नागपूर, पुणे, हैदराबाद अशी जातात आणि तिकडं नवीन नंबर घेतात. जुना रिचार्ज थांबला की तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला जातो आणि ओटीपी त्याच्याकडं. खात्याला नव्यानं नंबर जोडून सगळी सुरक्षा माहिती बदलायची म्हटलं तर ३० दिवस थांबावं लागतं. तेही त्या खात्याच्या मालकानं मनावर घेतलं तर. माझा त्या खात्यावर हक्क काय? काहीच नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं कंपनीच्या गेटाबाहेरून फोन केला. खातं उघडलं तर लॅपटॉपची ही मोठी यादी, आणि सगळ्यांची नावं कंपनीतून आलेली, आकडे अन् अक्षरं. माझा कोणता ते त्याला कसं कळणार? मग पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं मी वाचली, त्यानं ती आपल्या यादीत शोधली आणि सापडल्यावर आकडे वाचायला सुरुवात केली. सहा-सहाचे आठ गट. त्याच्या मागं ट्रकचा हॉर्न, माझ्याकडं पिठाची गिरणी. मी कागदावर लिहीत होतो आणि माझी पुतणी शेजारी बसून प्रत्येक गट ११ नं भागत होती. हे तिला तुमच्यापैकीच एका भल्या माणसानं सांगितलं होतं : बिटलॉकरच्या कीमधला प्रत्येक सहा आकडी गट ११ नं निःशेष भागला जातो. एका आड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. त्यांतला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत आला तर गट बरोबर. तिसऱ्या गटात तिनं माझा हात धरला. “नाही भागत जी काका, पुन्हा विचारा.” विचारलं, तर एक आकडा मी चुकीचा ऐकून लिहिला होता. शेवटचा गट टाकला आणि मशीन उघडली.

फोन ठेवता ठेवता तो पोरगा म्हणाला, “काकाजी, एक सांगू का? तुमच्या पत्रिका माह्या वनड्राईव्हमंधी येऊन राहिल्या ना जी. पाच जीबी कवाची भरली.”

हे ऐकून मात्र मी गारच झालो. दुकानदार बंधूंनो, कुलपापेक्षा हे मोठं आहे. त्याच्या खात्यानं साइन इन झालेलं, म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये मी जे ठेवलं ते त्याच्या वनड्राईव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात, चढत होतं. फुकटची ५ जीबी जागा भरेपर्यंत चढत राहिलं. त्यात काय काय होतं? गावातल्या पोरींच्या लग्नाच्या पत्रिका, त्यांच्या वडिलांचे मोबाईल नंबर, छपाईला आलेले आधारचे स्कॅन. तो पोरगा सरळ होता म्हणून सांगितलं तरी. न सांगता ठेवून घेतलं असतं तर मला कळलं असतं का? आणि माझ्या गिऱ्हाईकांना मी काय तोंड दाखवलं असतं?

ज्या दिवसांत हे झालं ते दिवसही पाहा. भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई (जत्रा) भरते आणि रात्री नाटक. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्टेज पडतं, माणसं बैलगाडी-ट्रॅक्टर करून येतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावची मंडळं तिथं नाटक ठरवतात आणि तिथून पोस्टरसाठी आमच्यासारख्यांकडं येतात. पोस्टर एकच असतं, कलावंतांचे फोटो तेच, फक्त गाव, तारीख आणि तिकिटाचा दर बदलायचा. मूळ फाईल हाताशी असेल तर चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे ते. मूळ फाईल कुलपात. मंडळाची पोरं भिंतीवरून सोडवलेलं मागच्या गावचं पोस्टर गुंडाळून आणत आणि मी त्याचा मोबाईलवर फोटो घेऊन, पुतणीच्या शाळेच्या कामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, पुन्हा पहिल्यापासून मांडत बसे. नायिकेच्या गालावर खळीची (चिकटवायच्या खळीची) डागं उमटलेली. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून बाहेरचे लोक झाडीपट्टीचं कौतुक करायला लागले, आनंदच आहे. पण चौकात पोस्टर चिकटल्याबिगर मांडवात माणूस येत नाही, हे कंपनीवाल्यांना विचारा. काही मंडळं दुसरीकडं गेली. जातीलच, त्यांची तारीख कोणासाठी थांबणार आहे?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. विंडोज ११ होम चालू करताना ते इंटरनेट मागतं, खातं मागतं. गिऱ्हाईकाला ई-मेल विचारला तर तो आधार कार्ड पुढं करतो. त्याच्या मोबाईलवर जीमेल असतं, पण ते मोबाईल विकणाऱ्या दुकानदारानं काढून दिलेलं, पासवर्ड विचारला तर म्हणतो, “तुम्हीच टाका ना काहीतरी.” मागं चार जण खोळंबलेले असतात, बाजाराचा दिवस असतो. पोरगा स्वतःचं ई-मेल टाकतो आणि मोकळा होतो. त्यात कपट नाही, घाई आहे. पण याच घाईनं गावागावांतल्या बचतगटांचे हिशेब, पतसंस्थांची नोंदवही, सेतूवाल्यांची कामं कोणा तरी पोराच्या खात्याला लटकून राहिली आहेत. विंडोज १० गेल्यामुळे या एका वर्षात जेवढ्या मशीन बदलल्या तेवढ्या एरवी बदलत नाहीत. आज चालतंय म्हणून कोणी बोलत नाही. बायोसचा एक अपडेट येऊ द्या.

मागणं फार नाही. खातं गिऱ्हाईकाचंच काढा, त्याच्याच मोबाईल नंबरवर, तो समोर बसलेला असताना. त्याला वेळ लागतो तर लागू द्या, त्याचे पैसे लावा. डेटा ट्रान्सफरचे लावताच ना? कोणी खुर्चीवर बसून नव्वद वेळा ओटीपी चुकवेल, चुकवू द्या. मशीन चालू झाली की ती ४८ आकड्यांची की काढून, की आयडीसकट, कागदावर छापून द्या. ॲडमिन म्हणून मॅनेज-बीडीईची एक कमांड दिली की आकडे समोर येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका म्हणावं. शेताच्या सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेव म्हणावं. बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की जवळ आहे का ते विचारा, आणि एन्क्रिप्शन तेवढ्यापुरतं सस्पेंड करा. ती सोय त्यासाठीच दिलेली आहे.

आणि जुनी मशीन. हे मी सगळ्यांत जोरात सांगतो. एक्स्चेंजमध्ये आलेली हार्डडिस्क लगेच पुसू नका. नवी मशीन गिऱ्हाईकाच्या घरी निदान महिनाभर चालू-बंद होऊन, अपडेट खाऊन, धड उभी राहिली की मग पुसा. सीपीयू विका हवा तर, डिस्क तेवढी काढून नाव लिहून कपाटात ठेवा. किंवा सरळ गिऱ्हाईकाला परत द्या आणि एक्स्चेंजमधून तेवढे पैसे कमी करा. मला तुम्ही विचारलं असतं तर मी ते कमी झालेले पैसे हसत सोडले असते. मला कोणी विचारलंच नाही.

ज्या मशीन आधीच गेल्या आहेत त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. तो खरा किचकट आहे. पण तुमच्या पोरांच्या खात्यांत यादी आहे आणि तुमच्याकडं बिलबुकं आहेत. जुळवायला बसलं तर जुळतं. गिऱ्हाईकाला बोलवा, रिकव्हरी की त्याच्या हातात द्या, खातं बदलून द्या, वनड्राईव्हवर चढलेलं त्याच्यासमोर उतरवून पुसा. दुकान सोडून गेलेल्या पोरांना तुम्ही फोन केला तर ते उचलतील. आमचा उचलतीलच असं नाही.

कायद्याची भाषा मला आवडत नाही, पण सांगून ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात गिऱ्हाईकाला गरजेची माहिती जाणूनबुजून न देणं हेही धरलेलं आहे, आणि ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर खेड्यातूनही लागतो. मी तो लावलेला नाही, लावायची इच्छाही नाही. पुढच्या मोसमात तुमच्याच दुकानात मला टोनर भरायला यायचं आहे. पण आमच्या गावातल्या नव्या पोरी-पोरांना हे नंबर पाठ असतात, आणि त्यांना माझ्यासारखी भीड नसते.

माझ्या परीनं एक केलं आहे. अर्ध्या पानाची एक सुपूर्द पावती मांडून ठेवली आहे : गिऱ्हाईकाचं नाव, कोणत्या ई-मेलवर व कोणत्या मोबाईल नंबरवर खातं काढलं ते, की आयडी, सहा-सहाचे आठ चौकोन, जुनी डिस्क कोणाकडं आणि कोणत्या तारखेपर्यंत, खाली दोघांच्या सह्या. रिकव्हरी की दुकानाच्या प्रतीवर उमटू नये म्हणून ते चौकोन फक्त गिऱ्हाईकाच्या प्रतीवर ठेवले आहेत. मराठीत आहे, अक्षर मोठं आहे. ज्याला हवी त्यानं निरोप द्यावा. वर तुमच्या दुकानाचं नाव टाकून फाईल पाठवतो, मांडणीचे पैसे घेणार नाही. छपाई माझ्याकडं केली तर शेकड्याचा नेहमीचाच दर, आणि कागद तुम्ही आणला तर तोही कमी.

आपला,
वडशाकडचा एक डीटीपीवाला
जि. गडचिरोली